पाच कोण म्हणालं

१

हे लिहायला मला लावलंय. मी होऊन लिहीत नाही. माझी लेक म्वानाइदी, बंदराच्या फाटकासमोर जिची चहाची टपरी आहे, ती रोज सकाळी माझ्यापुढे वही आपटते आणि म्हणते, "लिही बाबा, नाहीतर लोक सांगतात तेच खरं ठरेल." लोक सांगतात की फेरुझी म्हातारा झाला, त्याला आता मोजता येत नाही. सांगणाऱ्यांत अशीही माणसं आहेत ज्यांना स्वतःच्या पोरांची संख्या बायकोला विचारावी लागते.

तर एकदाच लिहितो. परत विचारायला येऊ नका.

शाळा मी तिसरीत सोडली. माझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे, ते मला माहीत आहे. पण किगोमाच्या धक्क्यावर एकतीस वर्षं मी टॅलीवाला होतो. टॅलीवाला म्हणजे जहाजात चढणारा आणि उतरणारा माल मोजणारा. उविन्झाचं मीठ, सिमेंट, मक्याचं पीठ, सरोवरापलीकडे काँगोत जाणारे साबणाचे खोके. एकतीस वर्षांत एकाच साहेबाने माझी मोजणी दुसऱ्यांदा करून घेतली. दोन दिवस त्याने सगळी गोणी-गोणी उलटीपालटी केली आणि शेवटी माझाच आकडा आला. त्यानंतर तो मला बघितलं की उठून खुर्ची द्यायचा. ही फुशारकी नाही. झालं ते सांगतोय. आणि फुशारकी असली तरी माझी आहे.

धक्क्यावरून निवृत्त झालो तेव्हा मला जुन्या मिठाच्या गोदामातल्या एका खोलीची किल्ली मिळाली. खोलीत एक यंत्र आहे, सर्व्हर. सरोवरात ठिकठिकाणी पाण्यावर तरंगणारी उपकरणं सोडली आहेत, ती वारा आणि लाटा मोजतात आणि या यंत्राला कळवतात. यंत्र मग मच्छीमारांच्या फोनवर निरोप पाठवतं की आज जाऊ नका, वारा उठणार आहे. यंत्राचे मालक लोक तिकडे दार एस सलामला बसतात, रेल्वेने दोन दिवसांवर. यंत्र ते तिथूनच चालवतात. माझं काम खोली झाडायची, थंड हवेच्या पेटीतलं पाणी काढायचं, वीज गेली की जनरेटर सुरू करायचा, आणि किल्ली कुणाला द्यायची नाही. सात वर्षं दिली नाही. म्वानाइदीलाही नाही.

२

दार एस सलामची इंजिनिअरीणबाई म्हणजे एलिनेमा म्शाना. डोंगरातली, पारे लोकांतली. वय असेल पस्तीस. फोनवर बोलताना कधी नमस्कार नाही, चौकशी नाही. सरळ "हं, फेरुझी आजोबा, ऐका."

त्या दिवशीही तसंच. "ऐका आजोबा. यंत्र फार हळू चाललंय. वाऱ्याचा निरोप होड्या सुटल्यावर पोचतोय. मेमरी वाढवायची आहे."

"मग वाढवा."

"वाढवायच्या आधी आत आता काय आहे ते नीट कळायला हवं. किती पट्ट्या, कुठल्या जातीच्या, कितीच्या. चुकीची पट्टी पाठवली तर बसणार नाही, आणि परत दोन दिवस गाडीत."

हे मला पटलं. माल चढवायच्या आधी जहाजाच्या पोटात काय आहे ते बघतातच.

ती म्हणाली, "मी इथून यंत्राला विचारलं. आठ खाचा आहेत, पाच भरलेल्या आहेत असं ते सांगतंय."

"मग झालं की."

"झालं कसं? या पट्ट्या जोडीजोडीने बसवतात. पाच कोण बसवेल? आणि चार पट्ट्यांवर कंपनीचं नाव आहे, क्रमांक आहे, सगळं आहे. पाचवीपुढे फक्त माप आहे, बाकीच्यांइतकंच. नावाची जागा कोरी, क्रमांकाची जागा कोरी. म्हणून म्हणते, डोळ्यांनी बघा. मी यंत्र बंद करते. तुम्ही झाकण काढा आणि मोठ्याने मोजा."

सकाळचा तिसरा तास होता. आम्ही उजाडल्यापासून तास मोजतो, यंत्राच्या घड्याळात तेव्हा नऊ वाजतात. बाहेर ऊन होतं, धक्क्यावर गाढवगाड्या होत्या. मी फोन बोलता ठेवून फळीवर उभा केला, कारण दोन्ही हात लागणार होते. तिने सांगितल्याप्रमाणे आधी पत्र्याला हात लावला, अंगातली वीज जावी म्हणून. यंत्राचे पंखे थांबले. सात वर्षांत ते पंखे थांबलेले मी फार वेळा ऐकले नाहीत. खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली.

झाकण काढलं. हिरव्या पट्ट्या उभ्या, एकीशेजारी एक, गल्ल्या सोडून. मी बोट ठेवत गेलो.

"एक. दोन. तीन. चार."

पायाखाली काहीतरी बसल्यासारखं झालं. धप्. मला वाटलं बाहेर धक्क्यावर कुणी गोणी टाकली.

फोनमधून ती म्हणाली, "पाच. बरोबर. म्हणजे यंत्र खरं सांगतंय. आता त्या पाचवीवरचं लेबल वाचा."

"कुठली पाचवी? चार आहेत."

"आत्ता तुम्ही पाच म्हणालात."

"मी चार म्हणालो."

"आजोबा, माझ्या कानात आहे. एक, दोन, तीन, चार, पाच."

"बाई, कान धुऊन घ्या. चार म्हणालो, चार आहेत, चारही सलग आणि पुढची..." मी थांबलो. बघून बोलावं म्हणून बघत होतो. चार सलग खाचा भरलेल्या होत्या. पुढच्या चार रिकाम्या. प्रत्येक खाचेच्या दोन टोकांना एकेक पांढरा चाप असतो. पट्टी बसली की चाप उभे होऊन तिला धरतात, रिकामी असली की बाहेर पडलेले असतात, बेडकाच्या पायांसारखे. सहावी, सातवी, आठवी, तिघींचे चाप पडलेले होते.

पाचवीचे उभे होते. दोन्ही. मध्ये काही नव्हतं आणि चापांनी ते घट्ट धरलेलं होतं.

३

आता माझ्या जिभेबद्दल सांगायला हवं, कारण सगळा वाद तिच्यावर आला.

धक्क्यावर आम्ही पाचपाचांनी मोजतो. हमाल पाचांच्या रांगेत येतात. टॅलीवाला फळीवर चार उभ्या रेघा मारतो आणि तोंडाने एक, दोन, तीन, चार म्हणतो. पाचवी आडवी रेघ तो मारतो, पण 'पाच' तो म्हणत नाही. पाच म्हणतो तो पाचवी गोणी खाली ठेवणारा हमाल. गोणी ठेवायची, श्वास सोडायचा, आणि म्हणायचं, पाच. म्हणजे मोजणाऱ्याचा एक आवाज आणि उचलणाऱ्याचा एक आवाज, दोघांचं जमलं, आता कुणी मागाहून भांडायचं नाही. आमच्या बंदरावर ही पद्धत माझ्या आधीपासून आहे. बाहेरच्या माणसाला हे कळत नाही. त्याला वाटतं एकच माणूस मोजतोय.

त्या दिवशी घरी आलो आणि मी स्वतःलाच तपासलं. एकतीस वर्षं चार म्हटल्यावर कानात पाच ऐकलेला माणूस मी. म्हातारपणी जीभ आपणहून पुढे गेली असेल का? कुणी म्हणेना म्हणून मीच म्हटलं असेल? म्वानाइदीच्या टपरीवरचे चार कप मांडले.

"एक. दोन. तीन. चार." आणि थांबलो.

"काय म्हणालो मी?"

"चार." ती मांडाझी, म्हणजे गोड पुऱ्या, तळत होती.

"पुढे काही?"

"पुढे 'काय म्हणालो मी' म्हणालास. बाबा, उन्हात फिरू नकोस."

अंडी मोजली. चपला मोजल्या. शेजारच्या चार बकऱ्या मोजल्या, तर त्यांचा मालक बाहेर येऊन म्हणाला, "काका, या विकायच्या नाहीत." प्रत्येक वेळी चारावर थांबलो. जीभ ठीक होती. मला अभिमान वाटला, पण तो फार टिकला नाही, कारण जीभ बिघडलेली असती तर सगळं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी परत यंत्र बंद केलं आणि म्हणाल्या, फोटो काढून पाठवा. म्वानाइदीचा फोन घेऊन गेलो. या वेळी मोठ्याने मोजलं नाही. पंखे थांबल्यावर पत्रा निवताना टिकटिक करत होता. भिंतींतून अजून मीठ सुटतं, त्याचा वास. मी तासभर तसाच बसून राहिलो, सगळं नीट निवेपर्यंत. मग एकेका पट्टीला बोट लावलं. चारही गार.

पाचव्या खाचेत अंगठा घातला. ऊब होती. कोंबडी नुकतीच उठून गेल्यावर गवतात असते तशी.

अंगठा काढला आणि बराच वेळ सदऱ्याला पुसत राहिलो. काही लागलेलं नव्हतं.

४

फोटोत चार होत्या. आणि तिथून माझी बदनामी सुरू झाली.

एलिनेमा म्शानाबाईंचा हिशोब असा, तो तिने मला फोनवर एकेक मुद्दा मोजत ऐकवला. परवा रात्री यंत्र म्हणालं पाच. काल सकाळी तुम्ही स्वतः म्हणालात पाच. आज दुपारच्या फोटोत चार. खोलीची किल्ली एकट्या तुमच्याकडे. मग पाचवी गेली कुठे?

"यंत्र आज काय म्हणतं?" मी विचारलं.

"अजून पाचच म्हणतंय. पण यंत्राची यादी जुनी राहू शकते."

"काल माझं खोटं आणि यंत्राचं खरं होतं. आज यंत्राचं खोटं होऊन परत मीच चोर?"

"मी चोर म्हटलं नाही."

"मग काय म्हणालात? नीट म्हणा, मला कमी ऐकू येतं असं तुम्हाला वाटतं ना?"

दोन दिवसांनी कागद आला. मी लिहून द्यायचं होतं की मोजताना माझ्याकडून चुकून पाच म्हटलं गेलं, पट्ट्या पहिल्यापासून चारच होत्या. सही केली की विषय संपला, किल्ली माझ्याकडेच राहणार. सही केली नाही तर एक पट्टी हरवल्याची चौकशी लागणार.

बाईंनी फोन केला. या वेळी आवाज मऊ होता. "आजोबा, करून टाका सही. वयात होतं असं. माझे वडीलही विसरतात."

"तुमच्या वडिलांनी धक्क्यावर मोजलंय का?"

"नाही, ते मास्तर होते."

"मग त्यांना विसरू द्या. मी चार म्हणालो."

"पण तुम्हाला चोरीच्या चौकशीत अडकायचं आहे का?"

मी तिला सांगितलं ते इथेही लिहितो. चोर म्हणालात तर मी सिद्ध करीन की नाही. घर उघडं आहे, झडती घ्या. पण मोजता येत नाही असं माझ्याच सहीने लिहून दिलं, तर त्या एकतीस वर्षांतल्या एकेका जहाजावर बोट ठेवता येईल. ती गोण्यांची चळत मी पुन्हा कुठून उभी करू? सही करणार नाही.

टपरीवर बातमी पसरायला वेळ लागला नाही. मासुदी नावाचा माझा जुना सोबती तिथे रोज बसतो. आता होडी चालवतो, तरुणपणी हमाल होता, माझ्याच रांगांमध्ये. आमच्या भाषेत यंत्राच्या मेमरीला आणि माणसाच्या आठवणीला एकच शब्द, कुम्बुकुम्बु. तो मासुदीच्या हाती सापडला.

"काय रे फेरुझी, त्या चोरलेल्या आठवणीत आहे तरी काय? माझ्या लग्नाची असेल तर ठेव तुझ्याकडेच. परत आणू नकोस."

"तुझ्या लग्नाची एवढी मोठी असते का?"

"मग बायकोची असेल. ती काहीच विसरत नाही, तिला लागतात पाच."

सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा हसू येत होतं.

५

बाईंच्या कार्यालयातले फोन आपोआप ध्वनिमुद्रित होतात हे मला ठाऊक नव्हतं. बाईंनी ते ध्वनिमुद्रण म्वानाइदीच्या फोनवर पाठवलं. खाली लिहिलं होतं, आजोबांना ऐकवा, मग बोलू.

भर सकाळी, टपरीवर, सगळ्यांसमोर ऐकलं. मीच म्हटलं, सगळ्यांसमोर लाव. मला लपवायचं काय होतं?

पंखे थांबतात ते ऐकू आलं. माझा खोकला. मग माझा आवाज. "एक. दोन. तीन. चार."

धप्.

"पाच."

"बाबा, तुझाच आहे," म्वानाइदी हळूच म्हणाली. तिला वाईट वाटलं होतं.

बाकीच्यांनी माना डोलावल्या. तुझाच रे फेरुझी. अगदी तुझाच.

"परत लाव," मी म्हणालो.

तिने परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा मला कळलं काय ऐकायचं ते. आवाज माझ्यासारखा होता, कबूल करतो. पण धप् आणि पाच यांच्या मध्ये एक श्वास होता. लांब, नाकातून सोडलेला, शेवटी जरा थरथरणारा. मोजणारा माणूस मोकळ्या हातांनी उभा असतो. त्याला धाप लागत नाही. तो श्वास पन्नास किलो पाठीवरून उतरवल्यावरचा होता. तो मी एकतीस वर्षं दिवसाला पाचशे वेळा ऐकलाय. कुठल्या एका माणसाचा म्हणून नाही. सगळ्यांचा तसाच असतो.

मी मासुदीकडे बघितलं. तो हसत नव्हता. कप त्याने खाली ठेवला होता आणि उजवा हात नकळत डाव्या खांद्यावर नेला होता, जिथे हमालांना घट्टा पडतो.

"बंद कर ते," तो म्वानाइदीला म्हणाला.

"का रे मामा?"

"ठेवलंय त्याने." मग माझ्याकडे वळला. "फेरुझी, काहीतरी आणून ठेवलंय तिथे. पाच म्हणाला म्हणजे ठेवून मोकळा झाला."

"कोण?"

"मला काय विचारतोस? टॅलीवाला तू."

चहा तसाच टाकून तो गेला. त्यानंतर त्याने त्या गोष्टीवर एकही विनोद केलेला नाही, आणि मासुदी आईच्या मयताला विनोद करणारा माणूस आहे.

मी घरी जाऊन विचार केला. ध्वनिमुद्रणात दोष असेल. फोनमध्ये कधी आपलाच आवाज घुमून परत येतो. पण घुमून आला तर चार परत येईल. पाच कसा येईल?

६

आठवड्याने एलिनेमा म्शाना स्वतः आली. गाडीतून उतरली तेव्हा धुळीने लाल झाली होती. माझ्यासमोर उभी राहिली आणि वडीलधाऱ्याला करतात तसा नमस्कार केला, शिकामू म्हणाली. मी मरहबा म्हणालो. तेवढं तिच्या हिशोबात जमा धरतो.

पेटीत तिने आठ नव्या पट्ट्या आणल्या होत्या, जुन्यांच्या दुप्पट मापाच्या. सगळ्या खाचा भरून टाकायच्या, म्हणजे मोजायचा प्रश्नच नको, असं म्हणाली.

सकाळचा चौथा तास. खोलीची खिडकी मिठाच्या धुळीसाठी कायमची बंद असते, म्हणून तिने विजेरी पेटवली आणि माझ्या हातात दिली. यंत्र बंद केलं. झाकण काढलं. मी उजेड धरला.

"पाचवीचे चाप तुम्ही उभे केलेत?" तिने विचारलं.

"नाही. ते मी कळवलं होतं."

"हं." तिने बोटाने ते खाली पाडले. गेले. मग ती मापाची फूटपट्टी शोधायला पिशवीत वाकली, आणि बारीक टक् असा आवाज झाला. परत टक्. वर बघते तर दोन्ही चाप उभे.

"स्प्रिंग खराब आहे," ती म्हणाली. मला नाही, स्वतःला.

"बाई, एक ऐका. मोजा, पण मोठ्याने मोजू नका."

"का?"

"इथली पद्धत वेगळी आहे."

"आजोबा, मी इथे पद्धती शिकायला आले नाही. तुमच्यासमोर, मोठ्याने, एकदाच मोजते, म्हणजे मागाहून तक्रार नको." आणि बोट ठेवत ती मोजू लागली. "एक. दोन. तीन. चार."

फरशी दबली. मला तळव्यांत कळलं, तिलाही कळलं असणार, कारण तिने खाली बघितलं. मग तो श्वास. आमच्या दोघांच्या मध्ये, यंत्राच्या उंचीवर, कुणीतरी वाकलेलं असावं तिथून. आणि मग:

"पाच."

आवाज तिचा होता. हुबेहूब. तिचं पारे वळण, शब्दाचं टोक जरा वर नेण्याची सवय, सगळं.

मी तिच्या ओठांकडे बघत होतो. ओठ मिटलेले होते.

मी नीट बघायला पुढे वाकलो. विजेरीचा उजेड बाजूला सरकला आणि यंत्राच्या आतल्या पत्र्यावर पट्ट्यांच्या सावल्या पडल्या, कंगव्याच्या दातांसारख्या. मी मोजल्या. मनात मोजल्या. परत मोजल्या. ती पण मोजत होती, तिचे डोळे एकेका सावलीवर थांबत पुढे जात होते आणि चारावर थांबले नाहीत. शेवटची सावली बाकीच्यांपेक्षा जराशी रुंद होती. आणि एवढंच सांगतो, ती एकदम स्थिर नव्हती. दम खात असल्यासारखी वर-खाली होत होती.

मी विजेरी विझवली.

अंधारात ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही म्हणालात का?"

"नाही. तुम्ही?"

मी चाचपडत दाराकडे गेलो.

दार उघडून बाहेरचा उजेड आत घेतला. मग तिने काम केलं, आणि भरभर केलं. जुन्या चार काढल्या. नव्या आठांपैकी सहा बसवल्या. पाचवी खाच सोडली, आणि जोडी जमावी म्हणून आठवीही सोडली. पाचवीजवळून हात नेताना तिने कोपर वर धरलं होतं, चुलीवरून भांडं नेतात तसं.

"सहा पुरतील," ती म्हणाली. "सहा भरपूर झाल्या."

यंत्र सुरू केलं. पंखे लागले तेव्हा मला बरं वाटलं. तिने आपला संगणक मांडीवर घेऊन यंत्राला विचारलं, आत किती आहेत. मी तिच्या खांद्यावरून बघत होतो. वाचायला मला वेळ लागतो, पण आकडे मी लांबूनही ओळखतो.

सात.

सहांपुढे नाव आणि क्रमांक. एकीपुढे दोन्ही कोरे. माप नव्या पट्ट्यांइतकंच.

तिने संगणक मिटला. "चला," म्हणाली. उरलेल्या दोन पट्ट्या पेटीत घालताना तिच्या हातून एक पडली. मी उचलून दिली. ती थंड होती, हलकी होती, आणि इतकी साधी की मला तिची माया वाटली.

७

तिचा अहवाल म्वानाइदीने मला वाचून दाखवला. मूळच्या पट्ट्या चार. चोरी झालेली नाही. देखभाल करणाऱ्या वृद्धाने वयोमानामुळे मोजताना चूक केली. नव्या सहा पट्ट्या बसवल्या, सर्व सुरळीत. किल्ली दुसऱ्या माणसाकडे द्यावी.

किल्ली मी दुसऱ्याच दिवशी दिली. मागायला लागू दिलं नाही. नवा माणूस शहाणा आहे, शिट्टी वाजवत झाडतो. त्याला एवढंच सांगितलं की आत काही मोजू नकोस. तो म्हणाला, "काका, मला कुठे मोजता येतं?" मी म्हणालो, छान.

एवढं खरं की वाऱ्याचा निरोप आता होड्या सुटायच्या आधी येतो. मासुदी म्हणतो, आता वेळेवर येतो. मला त्याचं समाधान आहे. ते काम माझ्याच हातात विजेरी असताना झालं.

मग गेल्या महिन्यात, भर दुपारी, म्वानाइदीच्या फोनवर दार एस सलामहून फोन आला. मी ओळखलं. या वेळी बाईने आधी नमस्कार केला, तब्येत विचारली, लेकीची विचारली, सरोवराची विचारली. एवढी विचारपूस ऐकून मीच घाबरलो.

"आजोबा," ती म्हणाली, "यंत्र आज आठ म्हणतंय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सहा मी बसवल्या. दोन कोऱ्या. कुणाला सांगू नका. नव्या माणसाला मी विचारलं तर तो म्हणतो त्याला मोजता येत नाही. तुम्ही जाऊन बघाल का? एकदा फक्त. तुमच्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे."

आठच खाचा आहेत त्या यंत्राला. जहाजाच्या पोटात जागा उरली नाही की काय होतं, ते धक्क्यावरच्या कुणालाही विचारा. शिडी काढतात आणि जहाज सुटतं. पण कुठे सुटतं आणि कुणाचा माल घेऊन, ते टॅलीवाल्याला कुणी सांगत नाही. मी हे तिला बोललो नाही. तिला आधीच पुरे झालं होतं, तिचा श्वास मला फोनमधून ऐकू येत होता.

"जाईन," मी म्हणालो. "आत्ता उठतो. चप्पल घालतो. पण आधी म्हणा, त्या दिवशी आजोबा चार म्हणाले होते."

मी थांबलो. टपरीवर पाणी उकळत होतं, म्वानाइदी माझ्याकडे बघत होती.

फोन बंद झाला.

चप्पल मी अजून घातलेली नाही. खोली इथून हाकेच्या अंतरावर आहे, पाय धड आहेत, विजेरीत नवे सेल आहेत. त्या खोलीत जाऊन मोजायला आता किगोमात माझ्याखेरीज कुणी तयार होणार नाही, आणि मी भीत नाही असंही नाही. तरी जाईन. अहवाल खोडा म्हणत नाही, किल्ली परत मागत नाही. एक वाक्य हवंय, मोठ्याने, फोनवर, जिथे सगळं ध्वनिमुद्रित होतं तिथे. ते वाक्य ज्या बाईने स्वतःच्या कानांनी ऐकून, स्वतःच्या डोळ्यांनी सावल्या मोजून, तरी माझ्या नावावर चूक लिहिली, तिने म्हणायचं आहे. तिचं नाव एलिनेमा म्शाना.